एक दुपार वाढा

भाग्याला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी आळीतल्या बायकांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळ्यांना आनंद झाला होता. मला मात्र धडकी भरली होती. मेंदूज्वरातून माझी लेक वाचली, पण तेव्हापासून ती गळ्याला बसवलेल्या नळीतून श्वास घेते. नळीत कफ साठला की तो यंत्रानं ओढून काढावा लागतो, आणि कफ काही वेळकाळ बघून साठत नाही. बिदरच्या दवाखान्यात या कामाला पाळीपाळीनं सिस्टर होत्या. संतपूरच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाई होत्या, पण हे करायला मी एकटी होते.

निघण्याआधी मी दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या खिडकीवर गेले होते. ऑपरेशन, औषधं, खाट, सगळं सरकारी कार्डावर झालं होतं. मला वाटलं, घरी काही तास येणारी एखादी नर्सही त्यात बसत असेल. खिडकीवरचा माणूस भला होता, त्यानं मला समजावून सांगितलं. "अक्का, पेशंट भरती हाय तवर समदं कार्डावर बसतंय. घरी नर्स ठेवायला हे कार्ड चालत न्हाई."

"पोरगी तीच, नळी तीच, मग घर माझं हाय म्हणून न्हाई का?"

"व्हय, तसंच हाय बघा," तो म्हणाला, आणि त्यालाच वाईट वाटल्यासारखं त्यानं खाली बघितलं. मी तशी तोंडाळ बाई. पण त्याच्याशी भांडून काय उपयोग होता? खासगी नर्स ठेवायची म्हटलं तर मालकांचा सगळा पगारही पुरला नसता. मालक म्हणजे भाग्याचे वडील. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्याच्या गोदामात कामाला आहेत, तिथंच खोली करून राहतात आणि रविवारी घरी येतात.

मग भांडायला एक दत्त महाराजच उरले. आमच्या घरात गाणगापूरची भक्ती सासऱ्यांच्या आधीपासूनची. गुरुवारी आरती, खिचडीचा नैवेद्य आणि दुपारी दारात येईल त्याला भिक्षा. महाराज दुपारी भिक्षेला निघतात, कोणत्या रूपात येतील सांगता येत नाही, म्हणून गुरुवारच्या दुपारी आमच्या दारातून कुणाला रिकामं पाठवत नाहीत. भाग्या आजारी पडली आणि मी आरती सोडली. दिवा सासूबाई लावायच्या, मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. इतकी वर्षं वाढलं ते कुठं गेलं, असं मनात यायचं. खोटं कशाला सांगू, शिव्याही दिल्या.

आणि मदत म्हणाल तर मी कुणाची घेत नव्हते. शेजारच्या जाऊबाई रोज दारात यायच्या. "मला दावा की, मी बी शिकते. कामून एकट्याच मरायलाव?" मी म्हणायचे, होईल माझं मी. लेकीच्या नळीला दुसऱ्याचा हात लागावा, हेच मला सोसत नव्हतं. त्यात माझ्या वडिलांचं एक बोलणं अंगात मुरलेलं. "आपला हात वर असावा बाई, खाली नसावा." देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. या एका वाक्यावर मी वाढले.

शेवटी अंगानं दगा दिला. एकदा भाग्याशेजारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा तिचे ओठ निळसर पडत चालले होते. यंत्र लावलं, कफ निघाला, तिनं श्वास घेतला. मी मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी येतो. पुन्हा भरती करू. तिथं कार्ड तरी हाय. इथं तू बी जायचीस आन् पोरगी बी." त्यांचं खरं होतं. पण दवाखान्यात भाग्या भिंतीकडे तोंड करून पडून असायची. घरी आल्यावर तिची खाट दाराशी लावली, तेव्हा अंगणातल्या कोंबड्या बघून ती पहिल्यांदा हसली होती. आवाज नाही, नुसतं तोंडभर हसू. ते हसू परत भिंतीकडे वळवायचं, याला माझं मन राजी नव्हतं. तरी मी पिशवी भरून ठेवली.

रविवारच्या आधीचा तो गुरुवार. दुपारी भाग्याचा श्वास घरघरायला लागला म्हणून मी यंत्र लावलं होतं, आणि नेमकी दारात हाक आली, "माय, भिक्षा वाढा." मी मान वळवली नाही. "पुढं व्हा," म्हणाले.

सासूबाईंना दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. त्या कोपऱ्यातून कळवळल्या. "अगं, गुरुवारच्या दुपारी पुढं व्हा म्हणायलीस? जीभ कशी रेटली?"

यंत्र बंद करून मी मुकाट्यानं सुपात पीठ घेतलं आणि दाराशी गेले. दारात पासष्टीच्या पुढची एक बाई, खांद्याला भगवी झोळी. ती गेली नव्हती. आत कान देऊन उभी होती.

"लेकराला सक्शन करायलीस का?" तिनं विचारलं.

कफ ओढण्याला दवाखान्यात सक्शन म्हणायचे, पण हा शब्द मी बाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पुढं तिनंच सांगितलं. कलबुर्गीला सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात ती नर्स होती, सगळी नोकरी तिथंच झाली होती. आता संतपूरला भावाकडे राहायला आली होती. गुरुवारी पाच घरं मागायची आणि मिळेल तेवढंच शिजवून खायचं, हा तिचा नेम. मी सूप पुढं केलं तशी तिनं झोळीचं तोंड मुठीत धरलं.

"पीठ नको. मला तुझी एक दुपार वाढ. लेकराजवळ मी बसते, तू नीज."

"मला कुणाचं फुकट नको," मी म्हणाले.

"फुकट कोण करायलंय? मागायला मी आलेय. देणारी तू. तुझा हात वरच हाय की गं, यव्वा."

मी सूप खाली ठेवलं. वडिलांचं ते बोलणं मी या गावात कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिच्या तोंडी ते कसं आलं, मला माहीत नाही. मी उंबऱ्यातून बाजूला झाले.

तिनं कोपरापर्यंत हात धुतले. मी तिच्या डोक्यावर उभी राहून एकेक गोष्ट तपासत होते, ती खरंच नर्स आहे की नाही, हे बघत होते. पुन्हा घरघर झाली, तेव्हा यंत्राची नळी तिच्या हातात द्यायला माझी बोटं सुटत नव्हती. तिनं ओढून घेतली नाही. हात पुढं करून थांबली. भाग्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि घाबरली नाही. मी नळी सोडली. त्या सोडण्यात काय होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. देवघरासमोर फरशीवर आडवी झाले एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं. यंत्र शांत होतं. ती बाई भाग्याला कोंबड्यांची कानडीत नावं सांगत होती आणि भाग्या हसत होती. मी पडल्या पडल्या रडले. समोर दिवा होता, त्याच्याकडे या खेपेस माझं तोंड होतं.

त्यानंतर ती बाई, आता आमच्या अक्का, रोज दुपारी यायला लागल्या. त्यांनी जाऊबाईंना शिकवलं, रविवारी मालकांना शिकवलं, मालक नळी धरायला कचरले तर त्यांना रागावल्याही. "एकटी आई कुणाला पुरत नसते," असं मला रोज ऐकवलं. दवाखान्याची भरलेली पिशवी मालकांनीच रिकामी केली. सासूबाई अजून म्हणतात, ते महाराजच आले होते. अक्कांना सांगितलं तर त्या हसतात, म्हणतात, "मी महाराज असते तर मला पेन्शन कशाला लागली असती, आन् गुडघे तरी कशाला दुखले असते?" मी वाद घालत नाही. कोण आलं होतं ते मला ठरवायचं नाही. माझ्या दारात आलं, मी "पुढं व्हा" म्हटलं तरी गेलं नाही, हे मला पुरेसं आहे.

कार्ड अजून तसंच आहे. तपासणीला बिदरला गेले की मी त्या खिडकीवर जाते आणि घरच्या नर्सचं बघा म्हणून सांगते. तो माणूस मला बघून आताशा आधीच हसतो. होईल कधीतरी. तशाच एका खेपेत औरादची एक बाई भेटली. तिच्या मुलाला नुकतीच नळी बसवली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर माझाच जुना चेहरा होता. मदत करू का विचारलं, तर म्हणाली, होईल माझं मी.

गेल्या गुरुवारी भाग्याला जाऊबाईंवर सोपवून मी औरादच्या बसमध्ये बसले. खांद्याला अक्कांची झोळी होती. दुपारी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा आतून यंत्राचा आवाज येत होता. मी हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "पुढं व्हा, बाई."

मी गेले नाही. जन्मात पहिल्यांदा हात खाली धरला आणि म्हणाले, "पीठ नको, माय. एक दुपार वाढ."