भामानं बुधाजीला पितरांत बसवलं

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंत्र म्हणतो, पुढचा मुहूर्त गाठायचा म्हणून घड्याळ बघतो आणि जातो. लग्न खरं लावते ती धवलारीण. मांडव घालायचा, हळद दळायची, पितरांना बोलवायचं, एकेका कामाला एकेक धवला, म्हणजे लग्नाचं गाणं. ते गायल्याशिवाय काम झालं असं आमच्या बाया धरतच नाहीत. हे धवले कागदावर नसतात, बाईच्या डोक्यात असतात. आमच्या बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यानं एकदा भामाच्या तोंडून धवला ऐकावा आणि मग काय ते बोलावं.

भामा पनवेलच्या खाडीकाठची. बाप मिठागरात राबायचा, पोरवयात हीसुद्धा लुगडं खोचून मीठ ओढायची. आता त्या जागेवर बिल्डिंगी आहेत, त्यांना परदेशी फुलांची नावं आहेत. भामा अंगानं आडवी, आवाजानं उभी. दातांना मिश्री, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मांडवात शिरली की पहिली नजर फिरवणार : कोण कुठं बसलंय, कोण कुणाशी बोलत नाही, कोण रुसलंय.

तिची खरी करामत नावांत होती. बेंजो वाजून दमलेला, बाया साड्यांच्या किमती काढतायत, पोरं मोबाईलमध्ये माना खुपसून बसलेली. भामा गाता गाता त्यातल्याच एखाद्याचं नाव ओळीत गुंफायची. कितीही गलका असो, ज्याचं नाव त्याची मान वर. "मानूस भयरा आसंल," ती म्हणायची, "पन सोताचे नावाला कोनी भयरा नसतो." मान वर झाली की ती त्याच्या डोळ्यांत बघूनच पुढची ओळ घ्यायची. मग कुणाच्या बापाची बिशाद नव्हती परत मोबाईलात शिरायची.

हे साधायला तिला नावं आधी ठाऊक हवीत. म्हणून लग्नाआधी घरच्या बाया तिच्यापुढं बसून सांगायच्या, गेलेले कोण आणि जिते कोण. भामा एकदाच ऐकायची. सांगणारीला मध्ये मध्ये टोकायची मात्र फार : हा चालायचा कसा, ही कशानं गेली, हिला कोंबडी आवडायची का जिताडा मासा? खिळा मारल्याशिवाय नाव भिंतीला टिकत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग सून किशोरीनं तिला मोबाईल घेऊन दिला. रात्री-अपरात्री लग्नावरून येताना सासूबाई कुठं आहेत ते कळावं, एवढाच तिचा हेतू. पण भामाला त्यात गाईचे खूर सापडले. कुठल्या तरी थंड देशातला एक दाढीवाला गाईचे वाढलेले खूर चाकूनं तासतो, आतली घाण काढतो, गाय लंगडायची थांबते. एक संपला की दुसरा. भामा शिंपल्यातली कालवं फोडताना खूर बघायला लागली, रिक्षाची वाट बघताना खूर, भात रटरटेस्तोवर खूर.

"आई," किशोरी म्हणायची, "आपले दारान एक शेली नाय, आन तुमी परदेशच्या गायींचं पाय धरून बसल्याव!"

"तुना काय कलतंय गो? बग, बग, कसा पू काढला त्यानं."

अशात जासईला बुधाजीच्या नातवाचं, प्रितेशचं लग्न निघालं. त्या घरात भामा पहिल्यांदाच जात होती. बुधाजीची बायको गंगाबाई नावं सांगायला बसली. तुळशीराम, बुधाजीचा बाप. जनी, बुधाजीची आय. पुढं "हे झालं गेलेलं, आता जितं आयक," असं म्हणून तिनं नवऱ्यापासून सुरुवात केली. भामाच्या मांडीवर मोबाईल होता. तेवढ्यात दाढीवाल्याला खुरात भला मोठा खिळा सापडला. भामा तोंडानं "हाव, हाव" करत राहिली. त्या दिवशी तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

लग्नाच्या सकाळी भामा मांडवात पिठानं काढलेल्या चौकावर बसली आणि पितरांना हाका घालायला लागली.

"येवा येवा पितरांनो, मांडवाचे दारी,
तुलशीराम बाबा येवा, जनीआय येवा,
बुधाजीबाबा येवा, नातवाचे लग्नाला..."

बुधाजीबाबा तेव्हा समोरच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वडा खात होता. वडा हातातच राहिला.

"मना कवा पोचवलंस गो?" तो म्हणाला.

सारा मांडव फुटला. हसली नाही ती एकटी गंगाबाई. "आगो भामे! माजा डोकरा जिता हाय! डोले फुटले काय तुजं?"

भामाच्या तोंडचा धवला तिथंच तुटला. आयुष्यात पहिल्यांदा. पुढची ओळ काही केल्या सापडेना. शेवटी बेंजोवाल्याला वाजवायची खूण करावी लागली.

कुणीतरी ते सगळं मोबाईलमध्ये धरलं होतं. बुधाजी वडा खाताखाता स्वर्गात चाललाय, मागं ढग, वर वाजंत्री, असं करून पोरांनी ते उरणपासून तळोज्यापर्यंत फिरवलं. लोक हसले आणि हसता हसता भामाला बोलवायचे थांबले. जितं माणूस वर धाडणारी धवलारीण कोण आणील मांडवात? आणि पावसाळाभर बुधाजीला खोकला लागला. साधा खोकला, पण प्रत्येक ढासेला गंगाबाई पनवेलच्या दिशेनं बघून बोटं मोडायची.

भामानं मोबाईलवर खापर फोडलं नाही. किशोरीला एवढंच म्हणाली, "मिठागरान पानी कोंडलं की निजू द्यायचं आसतं बाय. ढवललं की तलाला मीठ बसत नाय. माजं धवलं कवा बसायचं? कालवं फोरताना, रिक्षेची वाट बगताना. रिकामे डोकीन. त्या येलेलाच मी ढवलीत बसलू." बाई शाळेत गेली नव्हती, पण दुखणं कुठं आहे ते तिनं बरोबर दाबून दाखवलं. खूर तिनं सोडले नाहीत, फक्त चूल विझल्यावर बघायला लागली. कालवांच्या वेळेला मोबाईल तांदळाच्या डब्यात. पहिले काही दिवस हात सारखा डब्याकडं जायचा, विडी सोडलेल्या माणसासारखा. मग हळूहळू ओठ हलायला लागले.

पुढच्या हंगामात बुधाजीच्या पूर्वी नावाच्या नातीचं लग्न ठरलं. गंगाबाईनं दुसरी धवलारीण बघितली. बुधाजी अडून बसला.

"जिनं बोलावलाय तिनंच मना परत धाडाला पायजे. दुसरी आनशील तं मी मदीच लटकंन."

गंगाबाई हादरली. तिला ते खरंच पटलं. खोकला गेला होता, पण माणसाचं नाव अजून पितरांतच होतं, ते काढणार कोण? आणि परत चुकली तर? एकदा चूक म्हणता येते. दोनदा पितरांत नाव घेतलं तर ते वरचं बोलावणंच.

भामा जासईला गेली ती मोबाईल घरी ठेवून, हात हलवत. गंगाबाईनं सुकटीनं भरलेलं सूप पुढं सरकवलं, दोघी निवडायला बसल्या. गंगाबाई रागानं तोडून तोडून नावं सांगत होती.

"तुलशीराम."

"चालायचा कसा?"

"तुना काय करायचंय?"

"सांग तं."

"...लंगरायचा जरा. शिंपला घुसलेला पायान."

"आन जनी?"

गंगाबाईचा हात थांबला. "माजी सासू. मना पयल्या दिसापासून लेक बोल्ली." सूप रिकामं होईपर्यंत ती सासूबद्दल बोलत होती.

लग्नाला मांडव खचाखच भरला. भामा चौकावर बसली तशी पन्नासेक मोबाईल वर गेले. परत चुकली तर ते कुणाला हुकायला नको होतं. भामानं माईक बाजूला सारला आणि अगदी खाली आवाजात सुरू केलं. मागच्यांना काही ऐकू येईना. खुर्च्या पुढं सरकल्या. मोबाईलमध्ये नुसता पंख्याचा आवाज येतोय म्हटल्यावर हात खाली आले, कान पुढं झाले.

लंगडत तुळशीराम आला. सुनेला लेक म्हणणारी जनी आली. गंगाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा गुडघा घट्ट धरला. पुढचं नाव यायची वेळ झाली.

भामा थांबली. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, त्याची खडखड विरेपर्यंत ती थांबली. ओळ विसरली होती म्हणून नव्हे. सगळ्यांच्या माना वर झाल्यात का ते ती बघत होती.

"पितरा बसली पाटावं, आता जित्यांना हाक,
बुधाजीबाबा खुर्चीवं, हाव काय नाय?"

"हाय!" बुधाजी ओरडला.

"जोरान बोला," गंगाबाईनं त्याला कोपर मारलं, "वरच्यांना आयकू जाऊं दे."

"हाय गो, हाय!"

लोक हसले, पण भामा थांबली नाही. तिची नजर आताच खिशातल्या मोबाईलकडं हात नेणाऱ्या प्रितेशवर होती आणि पुढच्या ओळीत त्याचं नाव होतं.