विमानतळ ते पुसद नाका

वाशीममध्ये भाड्याने गाडी चालवणारे बरेच आहेत. पण नागपूरच्या विमानतळावर कुणाला सोडायचं किंवा तिथून कुणाला आणायचं असलं की लोक सैफुद्दीनलाच फोन करत. हजला निघालेली म्हातारी जोडपी, आखाती देशांत कामाला चाललेले तरुण, परीक्षेसाठी पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या मुली, सगळे त्याच्या पांढऱ्या गाडीतून गेले आहेत. समृद्धी महामार्ग नव्हता आणि नागपूरला पोचायला सहा तास लागत, तेव्हापासून तो ही फेरी करतो. आता तो छप्पन वर्षांचा आहे. माझ्या घरामागच्या गल्लीत राहतो. कमी बोलतो, रस्त्यात गाडी थांबवून उगाच चहा मागत नाही, आणि बायामाणसांना त्याच्याबरोबर एकटं पाठवताना कुणाला काळजी वाटत नाही. इतक्या वर्षांत त्याने कमावलेलं नाव ते एवढंच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला आसेगावच्या भागवतला आणायला जायचं होतं. भागवत दोह्याला मोठमोठ्या इमारतींच्या विजेच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याची आई पंचफुलाबाई सहा दिवसांपासून वाशीमला एका खाजगी दवाखान्यात होती. आधी ताप होता, मग तो छातीत उतरला. भागवतने सुट्टी घेतली, रात्रीचं विमान पकडलं. दवाखान्यात अंघोळीलासुद्धा जागा नसते म्हणून पुसद नाक्यावर, दवाखान्यासमोरच्याच हॉटेलात त्याने फोनवरून एक खोली घेऊन ठेवली. सैफुद्दीन संध्याकाळीच वाशीमहून निघाला आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये सीट मागे टाकून पडला.

पावणेचारला फोन वाजला. भागवतचे मामा बबनराव बोलत होते. पंचफुलाबाई तीन वाजता गेली होती.

बबनरावांचा आवाज शांत होता. सगळं ठरवूनच त्यांनी फोन केला होता. भागवतच्या छातीत मागच्या साली स्टेंट टाकलेला, रात्रभराचा प्रवास, त्यात पुढे चार तासांचा रस्ता. वाटेत काही झालं तर जवळपास दवाखाना नाही. "त्याले काही सांगजो नोको," ते म्हणाले. "हॉटेलवरच आणजो. आमी चार जण तिथं बसून राहतो. चेहरा धुऊन बसला का सांगू त्याले." बाकीचे लोक मयत घेऊन आसेगावला जाणार होते.

सैफुद्दीन हाव म्हणाला. दुसरं काय म्हणणार, असं तो मला नंतर म्हणाला. पण फोन ठेवल्यावर त्याला झोप आली नाही, कारण पंचफुलाबाई त्याला परकी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी भागवत पहिल्यांदा परदेशी गेला तेव्हा ती याच ड्रायव्हरबरोबर नागपूरला आली होती. परत येताना गाडीत ती आणि बबनरावच होते. ती कारंज्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग पिशवीतून भाकर आणि मिरचीचा ठेचा काढून आधी सैफुद्दीनच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, रातभर जागे हाये तुमी, तुमी खा. मुलगा दूर गेल्याचं तिचं रडणं त्यानंतर सुरू झालं.

साडेपाचला भागवत बाहेर आला. एक बॅग, डोळे तांबारलेले, पण चालणं भराभर. विमानात डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाला. मागे आडवं व्हायची सोय असताना तो पुढेच, सैफुद्दीनच्या शेजारी बसला. त्याचं दोह्याचं सिमकार्ड इथे चालत नव्हतं, म्हणून गाडी शहराबाहेर पडताच त्याने सैफुद्दीनचा फोन मागितला.

सैफुद्दीन म्हणाला, बॅटरी उतरली, चार्जरची वायर खराब आहे.

पाच मिनिटं गेली नाहीत तोच त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याची बायको नसीम होती, निघालात का विचारत होती. भागवतने खिशाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. सैफुद्दीनने फोन काढून त्याच्या हातात दिला. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं त्याला वाटलं. त्याला सुटल्यासारखंही वाटलं.

भागवतने मामांना फोन लावला, पण बबनराव तयारीत होते. पलीकडून काय बोललं गेलं ते सैफुद्दीनला ऐकू आलं नाही, भागवतचं मात्र ऐकू आलं. झोपली का, उठवू नका मंग, डॉक्टर बरोबर सांगतात, झोपू द्या तिले. फोन परत देताना त्याचा चेहरा उजळला होता. बॅटरीबद्दल त्याने विचारलंसुद्धा नाही. माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू आलं की बाकीचं तो सोडून देतो, असं सैफुद्दीन म्हणतो.

उजाडलं तेव्हा ते वर्ध्याच्या पुढे होते. पेट्रोलपंपाजवळच्या टपरीवर भागवतने गाडी थांबवायला लावली. आईला थोडा आराम पडला आहे या समजुतीने त्याची भूक जागी झाली होती. त्याने तर्री घालून पोहे खाल्ले, पुन्हा एक प्लेट घेतली, दोन वेळा चहा प्याला. सैफुद्दीनलाही आग्रह केला. सैफुद्दीनने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि तो गाडीच्या पुढची काच पुसत उभा राहिला. काच स्वच्छच होती. ज्याच्या घरात आईचं मयत ठेवलेलं आहे तो माणूस मिटक्या मारत खातो आहे, आणि आपल्याला ते ठाऊक आहे. तेवढी दहा-पंधरा मिनिटं त्याला बाकीच्या सगळ्या रस्त्यापेक्षा लांब गेली.

पुढे भागवत बोलतच राहिला. त्याने नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरशी ओळखीतून बोलून ठेवलं होतं. "आज दुपारीच तिले नागपूरले घेऊन जाऊ, चाचा," तो म्हणाला. "मले सोडलं का तुमी दोन तास झोप घ्या. मंग गाडी काढा. मागची सीट पूर्ण मोकळी ठेवा, तिले झोपून येता आलं पाह्यजे."

सैफुद्दीन हाव म्हणाला.

मग तो आईचं सांगू लागला. ती फोनवर दर रविवारी काय विचारते, तिकडे ज्वारी मिळते का हेच कसं विचारते, तिला दोह्याला न्यायचं म्हणून पासपोर्ट काढला तर फोटोत ती कशी घाबरून बसली आहे. सैफुद्दीन समोर बघत गाडी चालवत होता. दोन वेळा त्याने गाडी कडेला घेण्यासाठी वेग कमी केला. एकदा कारंज्याच्या अलीकडे आणि एकदा त्यानंतर. दोन्ही वेळा त्याला बबनरावांचे शब्द आठवले, स्टेंटचे. आणि दोन्ही वेळा त्याने पुन्हा वेग वाढवला. इथेच याच्या छातीत कळ आली तर मी एकटा काय करू, हा विचार खरा होता. पण तोच एक विचार नव्हता, हेही तो कबूल करतो. सांगण्याची त्याला भीती वाटत होती. दुसऱ्या कुणीतरी सांगावं आणि आपण तोवर गाडी लावून बाजूला व्हावं, असं त्याला वाटत होतं.

शेलूबाजारला महामार्ग सोडून गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली तसा भागवत सरळ बसला. हॉटेल राहू द्या, म्हणाला, सरळ दवाखान्यात घ्या, बॅग गाडीतच असू द्या.

याचं उत्तर बबनरावांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. ते सैफुद्दीनने स्वतः तयार केलं. "दहा वाजेपर्यंत आत सोडत नाहीत, भाऊ," तो म्हणाला. "डॉक्टरचा राउंड असते. आणि तुमी विमानातून आलात, किती लोकांचा श्वास अंगावर घेऊन. अंग धुऊन जा. तिची छाती नाजूक हाये आता."

भागवतने लगेच मान हलवली. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं म्हणाला, बरं झालं तुम्ही सांगितलं. त्या सकाळचं बाकी सगळं सैफुद्दीन दुसऱ्याच्या नावावर टाकू शकतो. हे वाक्य मात्र त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यासाठी वर आभारही मिळाले.

पावणेदहाला गाडी पुसद नाक्यावरच्या हॉटेलसमोर थांबली. खाली काउंटरच्या बाजूला एक सोफा आणि तीन-चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तिथे बबनराव, भागवतचा चुलतभाऊ शालिग्राम आणि गावातले दोघे बसले होते. भागवतला पाहून चौघेही एकदम उठले. तो मामांच्या पाया पडला. काउंटरवरच्या पोराने आधारकार्ड मागितलं, रजिस्टर पुढे सरकवलं, आणि भागवत वाकून नाव-गाव लिहू लागला. कशासाठी आलात या रकान्यात त्याने आईचं आजारपण असं लिहिलं. सैफुद्दीन बॅग घेऊन दारातच उभा होता. त्याने ते अक्षर पाहिलेलं नाही, नंतर शालिग्रामने सांगितलं.

पेन ठेवता ठेवता भागवत थांबला. एकेकाकडे त्याने पाहिलं.

"तुमी सगळे इथं बसून राह्यले," तो म्हणाला, "मंग मायपाशी कोण हाये?"

बबनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, तो हात तसाच राहिला. भागवत रडला नाही. त्याला काही झालंही नाही, छातीत कळ नाही की चक्कर नाही. कधी, एवढंच त्याने विचारलं. तीन वाजता, मामा म्हणाले.

तो मागे वळला आणि सैफुद्दीनसमोर येऊन उभा राहिला. "चाचा, तुमाले मालूम होतं?"

"हाव."

"मी तिथं दोन प्लेट पोहे खाल्ले, चाचा. तुमी पाह्यत होते."

सैफुद्दीनने मान खाली घातली. बबनराव मध्ये पडले. आपणच मना केलं होतं, त्याची चूक नाही, तुझ्या तब्येतीपायी केलं, असं ते सांगत राहिले. भागवतने ऐकलं की नाही कळलं नाही. तो हॉटेलच्या पायरीवर जाऊन बसला. खोली त्याने पाहिलीच नाही.

आसेगावला जायला गाडी हीच होती. सगळे बसले. भागवत या वेळी मागच्या सीटवर, काचेला डोकं लावून. गावात शिरताना माणसं बाजूला होऊन वाट देत होती आणि घरापुढे बायकांचा आवाज उठला, तेव्हा सैफुद्दीनने गाडी लांबच उभी केली. दुपारी पंचफुलाबाईला नेलं. तो सगळ्यात मागे चालला. स्मशानात एका कडुलिंबाखाली उभा राहिला आणि लोक परतल्यावर कुणाला न सांगता निघून आला.

घरी नसीमला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोरगा हृदयाचा आजारी होता, सुखरूप घरी पोचवलात, यात वाईट काय केलंत. बबनरावांनीही दुसऱ्या दिवशी फोन करून तेच सांगितलं. सैफुद्दीनला दोघांचंही पटलं. पण त्या रात्री, आणि पुढेही बरेच दिवस, जेवताना तो पहिला घास उचलून पुन्हा ताटात ठेवत असे.

तेरवी झाल्यावर भागवत परत निघाला. सैफुद्दीनने त्या दिवसासाठी दुसरं भाडं घेतलं नव्हतं. फोन आला नाही. संध्याकाळी बसस्टँडजवळ एका दुसऱ्या ड्रायव्हरने सहज सांगितलं की आसेगावचं एक नागपूरचं भाडं आहे, रात्री निघायचं आहे. सैफुद्दीनने त्याला एवढंच सांगितलं की त्या माणसाला पुढे बसायला आवडतं.

दिवाळीनंतर धनजच्या एका कुटुंबाचा त्याला असाच फोन आला. दुबईहून मुलगी येत होती, वडील आदल्या संध्याकाळी वारले होते, तिला घरी पोचेपर्यंत कळू द्यायचं नव्हतं. सैफुद्दीनने ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, ते चालत नसेल तर दुसरी गाडी पाहा. त्यांनी दुसरी गाडी पाहिली. ही गोष्ट गावात फिरली. सैफुद्दीन आता आडमुठा झाला, असं काही लोक म्हणतात. नागपूरच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत. अकोल्याला डायलिसिसला जाणारे दोन पेशंट आहेत, आठवड्यातून दोनदा त्यांना नेतो.

तू त्या दिवशी सांगायला हवं होतंस का, असं मी त्याला एकदा सरळ विचारलं. तो गाडीच्या चाकातली हवा पाहत होता.

"मले नाई मालूम," तो म्हणाला. "सांगतलं असतं आन् तो तिथंच गेला असता, तं त्या घरात त्या दिवशी दोन मयती झाल्या असत्या. नाई सांगतलं, तं हे असं झालं. दोन्हीकून मीच होतो गाडीत."

मग तो उठला, हात पुसले, आणि अकोल्याच्या पेशंटला घ्यायला निघून गेला.