कापूस दाबून धरा

"मला भीती वाटते हं, सर," असं म्हणताना त्या एप्रनचं वरचं बटण चाचपायच्या. बटण लावलेलंच असायचं. तरी चाचपायच्या.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत आमची प्रयोगशाळा होती. हृदयात बसवायच्या कृत्रिम झडपा, रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, असं रक्ताला लागणारं सगळं आम्ही तपासायचो. मी प्रमुख, त्या माझ्या हाताखाली. अशी एक घाबरट बाई तुमच्याही कचेरीत असेल. सगळे तिला हसतात आणि चहाला मात्र तिच्याच टेबलाशी जमतात.

त्यांना पालीची भीती, लिफ्टची भीती, आणि सगळ्यात जास्त द्वारकेच्या चौकाची. कंपनीची बस तिथे सोडायची. रस्ता ओलांडायचा म्हणजे त्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात धरायच्या. ओळख लागत नसे. एकदा वाहतूक हवालदाराचाच धरला.

"अहो ताई, मी ड्यूटीवर आहे!"

"म्हणूनच धरला."

झडपा उघडझाप करत ठेवायचं एक यंत्र आमच्याकडे होतं. टक-टक, टक-टक, अखंड. बाकीच्यांना त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. त्या रोज आल्या आल्या त्याच्यासमोर उभ्या राहायच्या.

"मॅडम, यंत्र आहे ते. त्याला काय घाबरायचं?" कोणीतरी चिडवायचं.

"झडप आज यंत्रात आहे. उद्या कोणाच्या छातीत," त्या म्हणायच्या.

काही चाचण्यांना ताजं माणसाचं रक्त लागे. नव्या पदार्थावरून ते फिरवायचं आणि गुठळी धरते का पाहायचं. रक्त आमचंच असायचं. ज्याची पाळी त्याला शेंगदाण्याची चिक्की आणि चहा. पण त्याआधी त्यांची उलटतपासणी. "डोकं दुखलं होतं का? दात? कसली गोळी घेतली? बायकोने दिली असली तरी गोळी ती गोळीच हं." कारण साध्या वाटणाऱ्या काही गोळ्यांनी रक्त गोठायला आळशी होतं. अशा रक्तात वाईट पदार्थही गुणी दिसतो.

झडपेच्या कडेच्या कापडी रिंगेवर नवा लेप द्यायचं ठरलं, तेव्हा रक्ताची पहिली पाळी माझी होती.

"गोळी, सर?"

"छे."

मी खोटं बोललो. छातीत दुखून गेल्यापासून मी रक्त पातळ करणारी गोळी रोज घेत होतो. बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. हृदयाच्या झडपा तपासणाऱ्या माणसाचंच हृदय दुखरं निघालं, तर मला खुर्चीवरून उठवतील ही भीती. त्यांची भीती सगळ्या कंपनीला माहीत होती. माझी कपाटात, मोज्यांच्या मागे होती.

सुई काढल्यावर त्यांनी कापूस ठेवला. "दाबून धरा." मी धरला. थोड्या वेळाने उचलला, तर रक्त पुन्हा आलं. त्यांनी नवा बोळा ठेवला. तोही भिजला. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने माझ्या कोपराची शीर दाबून धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बराच वेळ लागतोय, सर."

"हवेमुळे असेल," मी म्हणालो. हवेमुळे! एवढं शिकून मला हेच सुचलं.

माझ्या रक्तातून रिंग स्वच्छ बाहेर आली. दुसऱ्या फेरीला त्यांनी स्वतःचं रक्त दिलं. त्या रिंगेच्या शिवणीवर काळपट, डाळीएवढी गुठळी बसली होती. अशी एखादी सुटून मेंदूत गेली की उभा माणूस आडवा होतो.

तरीही मी म्हणालो, "तुमचं रक्त काढतानाच गोठायला लागलं असणार. हात थरथरत होता तुमचा. पुन्हा घेऊ. माझंच घ्या."

"दुसऱ्या कोणाचं घेऊया ना, सर."

"माझंच."

रिंग पुन्हा स्वच्छ आली. लेप जुन्यापेक्षा थोडाच वेगळा होता, म्हणून पुढची मोठी चाचणी लागली नाही. आमच्या अहवालावरच, माझ्या एकट्याच्या सहीने, तो मंजूर झाला. त्यांनी सही केली नाही. माझ्या केबिनमध्ये येऊन, दार लोटून घेऊन म्हणाल्या, "मला भीती वाटते, सर. ज्यांना ही बसेल त्यांची. आणि तुमची पण. चाचणीसाठी म्हणून गोळी बंद नका करू हं कधी."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी फायलीत डोकं घातलं.

माझ्या आजाराबद्दल त्या कंपनीत कोणाजवळ बोलल्या नाहीत. फक्त सही नाकारत राहिल्या. त्यांना पॅकिंगला टाकलं, तेव्हा राजीनामा देऊन त्या कळवणला भावाकडे गेल्या. जबाबदारीला घाबरून पळाल्या, असं सगळे म्हणाले. ते वाक्य आधी मी म्हटलं होतं.

पुढे कंपनीने लेप बदलला. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. पण तोवर काही झडपा माणसांच्या छातीत गेल्या होत्या. निवृत्तीनंतर नाशिक रोड स्टेशनच्या जिन्यावर एखादा माणूस छाती धरून थांबला, की मीही थांबतो. तो पुन्हा चालू लागेपर्यंत माझा पाय उचलत नाही. असं किती वर्षं जगायचं? या महिन्यात कंपनीत जाऊन सगळं सांगितलं. नवीन साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ती माणसं शोधायला घेतो, म्हणाले. कोण सापडेल, कोण नाही, कोणास ठाऊक.

मग कळवणला गेलो. त्यांची माफी मागायची होती. ओट्यावर त्यांचा भाऊ मका सोलत बसला होता.

"ताई गेली, साहेब. दिवाळीच्या आधी. तापाचं निमित्त झालं."

मी नाव सांगितलं. हातातलं कणीस त्याने खाली ठेवलं. आता हा काय बोलेल, म्हणून मी ओट्याची कड धरली.

"तुम्ही व्हय ते सर! ताई लय काळजी करायची तुमची. म्हणायची, कुणी नाशिकला गेलं तर सरांना विचारा, गोळी चालू हाय ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "हाय ना चालू?"

मी मान हलवली.

परतताना संध्याकाळी द्वारकेला उतरलो. ट्रक, रिक्षा, हॉर्न. एरवी मी झरझर ओलांडतो. त्या दिवशी पाऊलच उचलेना. शेजारी एक मुलगी उभी होती, पाठीला सॅक.

"काका, पलीकडे जायचंय?"

मी तिचा हात धरला.

"हो," मी म्हणालो. "मला भीती वाटते."