चाचांचं थोरलं काडतूस

कुठलीही नवी गोष्ट समोर आली की चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "धक्का किती?" मी गाडी घेतली तेव्हा त्यांनी हेच विचारलं. माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा सासरच्या मंडळींविषयीही हेच विचारलं आणि वर स्वतःच हसत बसले.

चाचा म्हणजे बहारीनमधल्या आमच्या अस्करच्या वर्कशॉपचे स्टोअरकीपर. त्यांचं गाव संगमेश्वरकडे, खाडीच्या काठी. नट-बोल्टच्या सगळ्या खोक्यांवर त्यांनी मराठीत नावं लिहून ठेवली होती. त्यामुळे ते रजेवर गेले की अख्खं वर्कशॉप माझ्या टेबलाशी यायचं. मी पुण्याहून आलेला नवखा इंजिनिअर, वाचून दाखवण्यापुरता तरी उपयोगी पडायचो. आमची गट्टी जमली ती अशी.

धक्क्याचा प्रश्न त्यांच्या लहानपणातून आला होता. भातशेती रानडुकरांपासून राखायला वडिलांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. बाराव्या वर्षी चाचांनी हट्टाने ती उडवली आणि आठ दिवस खांदा काळानिळा घेऊन फिरले. पुढच्या खेपेला चाप ओढण्याआधीच त्यांचे डोळे मिटले. वडिलांनी बंदूक काढून घेतली. "नेम डोळा चुकवत नाय, इंजिनेर," चाचा सांगायचे. "खांदा चुकवतो. त्याला आधीचं आठवत असतं."

आमचा बहारीनी मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणत, दर उन्हाळ्यात दोस्तांबरोबर आफ्रिकेत शिकारीला जायचा. त्या वर्षी त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. जड रायफल पेलणार नाही म्हणून तिकडेच एक हलकी घ्यायची असं त्याने ठरवलं. अडलं होतं काडतुसापाशी. एकाचा नंबर तीनशे आठ, दुसऱ्याचा दोनशे त्रेचाळीस. चाचा त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणत, कारण दोघांचं कवच एकाच घरचं, धाकट्याची मान तेवढी आवळलेली. थोरल्यात जोर जास्त. पण रायफल जितकी हलकी, तितका तिचा धक्का खांद्याला जास्त. चाचांनी कॅटलॉगातली मापं घेऊन लेथवर दोन्हींचे पितळी नमुने करून घेतले आणि आठवडाभर ते खिशात खुळखुळवत हिंडले.

अरबाबने सल्ला विचारला खरा, पण त्याच्या सगळ्या दोस्तांकडे थोरलंच होतं. त्याला तेवढा एकच शब्द ऐकायचा होता. आणि नेमका तेव्हाच चाचांचा व्हिसा संपत आला होता. साठी उलटलेल्या माणसाचं रिन्यूअल, सगळं अरबाबच्या सहीवर. लेक ईसा टाउनच्या शाळेत नुकतीच बारावीत गेलेली. सही झाली नाही तर तिला वर्षाच्या मध्येच उचलून गावी न्यावं लागणार.

"चाचा, थोरलं म्हणा आणि मोकळे व्हा," मी म्हणालो. "आफ्रिकेतल्या हरणाचं तुम्हाला काय पडलंय?"

"हरणाचंच पडलंय," ते म्हणाले. "डोळे मिटून मारलेली गोळी पोटात लागते. मग ते जनावर दिवसभर झाडीत फिरतं. माझा बाप असं एक डुक्कर दोन दिवस शोधत होता. जेवला नाय."

मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अरबाबच्या हातात सुताराकडून करून घेतलेली लाकडी रायफल दिली. भिंतीवर खडूची खूण केली. चाचांनी "यल्ला", म्हणजे चल, म्हटलं की त्याने चाप ओढायचा आणि त्याच क्षणी चाचा त्याच्या कानाशी रिकाम्या पिंपावर हातोडा हाणायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी "यल्ला" म्हटलं आणि हातोडा मारलाच नाही. तरीही अरबाबचे डोळे मिटले आणि लाकडी नळी वीतभर खाली गेली. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं.

"अरबाब, आप नहीं डरता," चाचा हळूच म्हणाले. "कंधा डरता है. छोटा लो."

अरबाब लाल झाला. चाचांनी पुढे ठेवलेली दोन्ही पितळी काडतुसं उचलून आपल्या केबिनमध्ये निघून गेला आणि दोन दिवसांनी आफ्रिकेला. सहीचा कागद त्याच्या टेबलावर तसाच राहिला.

ते दिवस वाईट गेले. चाचीने शाळेत दाखल्याची चौकशी केली. लेकीने "व्हाय कुडन्ट यू जस्ट से येस, अब्बा?" एवढंच विचारलं आणि बोलणं टाकलं. चाचा रोज वेळेवर यायचे, खोकी पुसायचे. त्यांच्या डब्यातली भाकरी मात्र तशीच परत जायची.

व्हिसाला चार दिवस उरले असताना अरबाब परतला. घरीसुद्धा न जाता आधी केबिनमध्ये गेला, मग स्टोअरच्या खिडकीशी आला आणि थोरलं काडतूस चाचांपुढे ठेवलं. "ये तुम रखो. छोटा अच्छा. एक गोली, खलास."

"धक्का कितना?" चाचांनी विचारलं.

अरबाबने खांदा चोळला. "मफी," म्हणाला, काहीच नाही, आणि खिशातून सही केलेला कागद काढला. चाचांनी तो नीट घडी घालून ठेवला, मग खोक्यांकडे तोंड करून ती पुसायला लागले.

पुढच्या वर्षी लेकीची परीक्षा झाली आणि ते कायमचे गावी निघाले. थोरलं काडतूस माझ्या हातात देत म्हणाले, "हे विमानात नेता येणार नाय. मशीनमध्ये काडतूसच दिसणार. लेथवरचं पितळ आहे म्हणून मी म्हातारा किती जणांना समजावू?"

मागच्या महिन्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. अब्बा गेले, असं तिने मराठीत सांगितलं. मग विचारलं, "ते थोरलं काडतूस आहे ना तुमच्याकडे? असू दे. त्या वेळी मी अब्बांशी कितीतरी दिवस बोलले नव्हते."

तू लहान होतीस, त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं, असं काहीतरी म्हणून तिची समजूत घालायला मी तोंड उघडलं. पण मी तेव्हा चाचांशेजारी जेवायला बसत होतो. त्यांचा न उघडलेला डबा मी रोज पाहिला होता.

"त्यांना ते लागलं होतं," मी म्हणालो. "आणि अरबाबला हो म्हणा, असं मीही त्यांना सांगितलं होतं."

पलीकडे ती रडू लागली. मी फोन ठेवला नाही.