शिट्टी वाजेपर्यंत

माझी शेवटची पोस्टिंग बडोद्याला आली तेव्हा युनिटमधले सगळे चिडवायला लागले, "साहेब, तुम्ही तर घरीच निघालात!" खरंच होतं ते. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, आमचं घर फतेगंजला, आणि आर्मी लाइन्स घरापासून हाकेच्या अंतरावर. मी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, नायब सुभेदार. अख्खी नोकरी जनरेटर दुरुस्त करण्यात गेली. बडोद्यात आराम मिळेल असं वाटलं होतं. त्याच पावसाळ्यात शहरात पूर आला आणि आमचा मदतीचा कॉलम बाहेर पडला.

दुपारी शहरातल्या गोरव्याहून निरोप आला, एका वर्कशॉपमध्ये माणूस अडकलाय. बोट आम्हाला दारात सोडून दुसऱ्या फेरीला गेली. माझ्याबरोबर हवालदार दत्तू माने, सांगलीकडचा. कामात वाघ, पण जेवणात भाजी तिखट नसली की रुसून बसणारा.

आत मशीनच्या खड्ड्यात रमणभाई नावाचा फिटर होता. पाणी शिरायच्या आधी मोटर वर काढायला तो उतरला, तेवढ्यात खालची माती खचली आणि प्रेस मशीनचा लोखंडी बेड, म्हणजे खालची जड बैठक, सरकून त्याच्या पायावर बसला. पाणी छातीपर्यंत आलं होतं. एक पंप खड्ड्यातलं पाणी उपसत होता, म्हणून तो जिवंत होता.

एरियाची लाइट केव्हाच गेली होती. मालक जयेशभाईंनी अलंगहून भंगारातल्या जहाजाचा सगळा संच आणलेला: डिझेलवरचा डीसी जनरेटर, वजन उचलणारी विंच आणि पंप. तेवढं चालू होतं. विंचची साखळी बेडला लावली आणि मी हँडल फिरवलं. बेड जरासा हलला. लगेच दिवे लालसर झाले, व्होल्टमीटरचा काटा खाली आला, विंच थांबली, पंपही रडायला लागला. मी हँडल सोडलं. दिवे पुन्हा उजळले.

इथे थोडं समजावून सांगतो. आमच्या फौजी सेटमध्ये जादा गुंडाळी असते, लोड वाढला की ती व्होल्टेज सावरते. हा साधा शंट जनरेटर. ह्याचं चुंबक स्वतःच्याच व्होल्टेजवर जगतं. लोड वाढला की व्होल्टेज पडतं, त्याने चुंबक कमजोर होतं, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. एका हद्दीपर्यंत तो निभावतो. त्यापुढे अंगच टाकून देतो, आणि लोड काढल्याशिवाय पुन्हा उभा राहत नाही. त्याच्याकडून पंप चालेल किंवा विंच चालेल. दोन्ही नाही.

रेडिओवर बोट आणि दुसरा पंप मागितला.

"बोट दुसऱ्या टोकाला आहे. एक तास लागेल. ओव्हर."

"पंप चालू असूनही पाणी चढतंय, तेवढा वेळ नाही. ओव्हर."

"तुमच्या जजमेंटने करा. आउट."

पंप बंद केला की पाणी झपाट्याने चढणार. चालू ठेवला की बेड हलणार नाही. बाहेर पाणी, वर फुटके पत्रे.

"मी खाली उतरतो साहेब," माने म्हणाला. "त्याचं डोकं वर धरतो. तुम्ही उचला."

बेडखाली द्यायला लाकडी ठोकळे आणले, ते पाण्यावर तरंगायला लागले. साखळीवरच भरवसा होता. मी जयेशभाईंना स्विचबोर्डपाशी उभं केलं. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नव्हती, म्हणून सांगितलं, "माने शेवटी बाहेर येईल आणि शिट्टी वाजवेल. तोवर पंपाच्या बटणाला हात लावायचा नाही."

"हा साहेब, समजी गयो."

दिवे बंद. पंप बंद. पाणी चढायला लागलं. अंधुक उजेडात माने रमणभाईला सांगत होता, "डरो मत भाई, मैं इधरही हूँ." मी हँडल फिरवलं. काटा थरथरला, पण टिकला. बेड वर आला. रमणभाई ओरडला, पाय सुटला. मानेने त्याला खालून ढकललं, मी एका हाताने हँडल धरूनच दुसऱ्या हाताने त्याला वर ओढलं. खड्डा अरुंद, एका वेळी एकच माणूस निघणार.

पाणी मानेच्या हनुवटीला लागलं होतं. जयेशभाईंनी ते पाहिलं.

"साहेब, पाणी वधे छे! ए डूबी जशे!" असं ओरडत त्यांनी पंपाचं बटण दाबलं.

पंप सुरू होताना जोराचा करंट खेचतो. काटा सरळ शून्याकडे गेला. वीज गेली की विंचचा ब्रेक आपोआप बसतो. बसलाही. पण फुटक्या पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याने तो भिजला होता. घसरला, आणि बेड मानेवर कोसळला.

बोट आली तेव्हा आम्हाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जयेशभाईंचा मला फार राग आला होता. आजही येतो. पण त्यांनी बटण दाबलं ते माने वाचावा म्हणून, हेही मला ठाऊक आहे. सांगलीला मानेच्या घरी ते माझ्याबरोबर आले आणि त्याच्या आईच्या पायाशी बसून राहिले. त्या माउलीने त्यांना पाणी दिलं. मला तेवढं जमलं नसतं.

आता मी रिटायर झालोय. कधीमधी त्या वर्कशॉपवर चहाला जातो. जनरेटर नवा आहे, कितीही लोड टाका, दिवा मिणमिणत नाही. तरी स्विचबोर्डला दोरीने एक शिट्टी बांधलेली आहे. कुठलंही मोठं मशीन सुरू करण्याआधी रमणभाई लंगडत येतो, खड्ड्यात वाकून बघतो, आत कोणी नाही ना याची खात्री करतो, आणि मग शिट्टी वाजवतो.

हवालदार दत्तू मानेची वाजायची राहिली होती, ती.