तहानेवर ठेवलेला घेवडा

जालन्यात आमच्या वरच्या खोलीत राहणारे संशोधक बोलताना माणसाकडे नाही, झाडाकडे बघतात. गच्चीवर त्यांनी घेवड्याच्या सहा कुंड्या तहानेवर ठेवल्या होत्या. मी हळहळलो की म्हणायचे, "मरून न्हाई राह्यलं काका. पाणी तुटलं की पान रोजची प्रथिनं बनवणं कमी करतं अन् जीव धरून ठेवणारी बनवतं. बराबर बाराव्या दिवशी पानं तोडून तीच मोजायचीत." आधीचे दोन प्रयोग फसलेले, प्रबंधाची मुदत त्याच महिन्यात संपणार होती.

अकराव्या दिवशी ते वाटूरला गेले. घरच्या तुळशीलाही कधी पाणी न घालणाऱ्या मला नेमकी तेव्हाच दया आली. मी बादलीभर पाणी ओतलं.

परत आल्यावर त्यांनी ओल्या मातीत बोट घातलं.

"परत लावू की," मी शहाण्यासारखं म्हणालो.

"आपल्याकडं वाळतं झाड कुणालाच बघवत न्हाई काका," एवढंच म्हणून त्यांनी वहीत 'पाणी दिले' असं लिहिलं आणि वही मिटली.

सकाळी सहाही झाडं तरारून उभी होती, आणि ते त्यांच्याकडे मयताकडे बघावं तसे बघत होते.