आमच्या गाडीचा सायलेन्सर

गेल्या हिवाळ्यात माझं मत जितक्या वेळा विचारलं गेलं, तितक्या वेळा लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळूनही कुणी विचारलं नसेल. स्वयंपाकाबद्दल नाही, मुलीच्या लग्नाबद्दल नाही, माझ्या गुडघ्यांबद्दल तर नाहीच. एका जुन्या गाडीच्या धुराच्या नळीबद्दल.

चिकलठाण्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. तिथं एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची होती, ती माझी. मिस्त्री गाडी सुरू करायचा, आमचे हे मागं उकिडवे बसून नळीच्या तोंडाशी कान न्यायचे आणि मग मान वळवून मला विचारायचे, "कसा वाटतोय?" मी म्हणायचे, "बरा आहे." त्यांना ते आवडायचं नाही. "बरा म्हणजे? घुमतोय का? फाटतोय का? खालचा सूर आहे का वरचा?" मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना भाषा शिकवली, पण धुराच्या नळीला सूर असतो हे काही माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. निवृत्त झाल्यावर दुपारी जेवून आडवं व्हायचं, एवढीच माझी इच्छा होती. तीही राहिली.

ह्यांचं मात्र तसं नव्हतं. हे वाळूजला एका कारखान्यात सायलेन्सरच बनवायचे, म्हणजे बनवलेल्या सायलेन्सरचा आवाज तपासायचे. भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत डोळे मिटून बसायचं आणि कुठल्या डब्यात काय चुकलंय ते सांगायचं. मशीनही होतं, पण मशीनच्या आधी लोक ह्यांच्याकडे बघायचे. कंपनीची बस कोपऱ्यावर वळायच्या आधीच हे चहाचा कप ठेवून सांगायचे, "आज दुसरी बस आहे, हिचा जोड गळतोय." घरात मिक्सर लावला की वैतागायचे. असा हा माणूस.

आणि त्याच माणसाला ऐकायला कमी येऊ लागलं होतं. मला ते कुकरवरून कळलं. विहाराच्या कामाला जाताना मी सांगून गेले होते की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. परत आले तर भात कोळसा झालेला आणि हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. शिट्टी झालीच नाही म्हणाले. नंतर विहारात माझ्या लक्षात आलं की वंदना म्हणताना हे सगळ्यांच्या एक शब्द मागं राहतात. मुलगी पुण्याहून फोन करते तर तिच्या प्रत्येक बोलण्याला "हो, हो" म्हणतात, ती म्हणाली की आजारी आहे तरी "छान, छान". जाड आवाज कळतात, बारीक आवाज गेलेत. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. ते डबीतून निघालंच नाही. कपाटाच्या खणात, संपलेल्या औषधांच्या बाटल्यांशेजारी पडून आहे. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "माझ्या कानाला यंत्र? माझ्या?" त्यानंतर मी काढला नाही. भांडायला अंगात जोर लागतो.

तर ही गाडी. ह्यांचं गाव फुलंब्रीच्या पलीकडे. सासरे तिथल्या मोठ्या शेतमालकाकडे सालगडी होते, वर्षाच्या बोलीवर. त्या मालकाकडे ही दोन सीटची, बुटकी, टप नसलेली विलायती गाडी होती. गावच्या रस्त्यावर दगड लागून तिचा सायलेन्सर फुटला होता आणि मालकानं तो कधी दुरुस्त केला नाही, कारण तो आवाज कोसभर आधी पोचायचा. आवाज आला की सासरे बैलगाडी बांधाकडेला घ्यायचे, खाली उतरायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. शेजारी हे, आठ-नऊ वर्षांचे. धुरळा बसेपर्यंत वर बघायचं नाही. हे सगळं ह्यांनी मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, तेही इतक्या सहज की मला वाटलं विसरले असतील.

विसरले नव्हते. मालकाचे नातू आता शहरात राहतात, गाडी कडब्याच्या शेडमध्ये सडत होती. ह्यांना कळलं आणि हे जाऊन ती घेऊन आले. टेम्पोतून ती कॉलनीत उतरली तेव्हा तिच्या सीटमधून उंदराचं बिऱ्हाड निघालं. मी दारातच उभी होते. म्हटलं, "ही कशाला?" तर म्हणाले, "लई दिवसांची ओळख आहे." राग आला होता, तो तसाच गिळला.

इंजिन मिस्त्रीनं उघडून पुन्हा बांधलं. रंग झाला. उरला सायलेन्सर, आणि तिथंच घोडं अडलं. जुना तर गंजून चाळण झालेला, आणि बाजारात या गाडीचा मिळत नाही. मग सुरू झाला शोध. इंग्लंडहून स्टेनलेसचा तयार सेट मागवावा, की वाळूजच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पत्र्याचा करून घ्यावा, डबा एक ठेवावा की दोन, नळी किती जाड. हे रात्रंदिवस फोनवर असल्या गाड्यांचे आवाज लावून बसायचे, फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवून. मी दुपारी डोळा लावायला जाते न जाते तोच पलीकडच्या खोलीत विलायती गाड्या एकामागून एक गुरगुरायला लागायच्या. शेजारीण एकदा विचारून गेली, "काकू, घरात काही काम काढलंय का?"

शेवटी ह्यांनी स्वतःच कागदावर आकृती काढली. आत पडदे असलेला डबा, आवाज वळणं घेत घेत थकून बाहेर पडावा असा. फॅब्रिकेटरनं तो छान बनवून दिला. बसवल्यावर मिस्त्रीनं गाडी सुरू केली आणि ह्यांनी त्यांची नेहमीची परीक्षा घेतली. कारखान्यात ती रोजची होती. जाड चिंधीचा बोळा नळीच्या तोंडावर दाबून धरायचा. धूर अडला की जिथं जोड ढिला असेल तिथून तो फुसफुसतो. आवाज नाही आला तर काम पक्कं.

हे बोळा दाबून, डोळे मिटून ऐकत होते. मला खुर्चीवरून ऐकू येत होतं. सापानं फूत्कारावं तसं, बारीक, सलग, पुढच्या चाकाच्या अंगानं. हे उठले, हात पुसले आणि म्हणाले, "टाइट बसलंय."

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. मी बोटानं चाकाकडे दाखवलं. तो हळूच म्हणाला, "मालूम है भाभी. साहेबांना चहा प्यायला न्या तोवर." मी ह्यांना टपरीवर नेलं, त्यांना गोड चहा नको असतो तरी दोन कप पाजले, आणि परत आलो तेव्हा जोड आवळून झाला होता. गळका धूर आमच्याच पायाशी जमला असता, डोकं धरून बसलो असतो दोघं. ह्यांना मी ते सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. लोकांना म्हणायला काय जातं?

डबा बसला, पण ह्यांचं तोंड उतरलं. जालना रोडवर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हिच्यात जीव नाही राहिला." मला तर ती सुरेख चालली होती, शिवणयंत्रासारखी. पण ह्यांना ती ऐकूच येत नव्हती, आणि ते असं म्हणू शकत नव्हते, म्हणून दोष डब्याचा. मिस्त्रीनं विचार करून सांगितलं, "साहेब, आरपार नळी टाकून बघू का? पोरं बुलेटला टाकतात तशी. पोलीस धरतील, पर एक बार सुनके देखो."

आरपार नळी लागली आणि शेडचे पत्रे थरथरले. मी कानांवर हात ठेवले. हे मात्र गाडीशेजारी सरळ उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला रडू येईल असं वाटलं. किती महिन्यांनी हा माणूस काहीतरी पूर्ण ऐकत होता. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही, कसा वाटतोय. त्या क्षणी मी ठरवून टाकलं, हाच राहू दे. कॉलनी बोंबलेल, बोंबलू दे. दंड होईल, होऊ दे. मला एकदाचं घरी जाऊन झोपायचं होतं आणि ह्यांना असं हसताना बघायचं होतं, दोन्ही एकाच नळीत जमत असेल तर काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला बसवलं आणि गाडी फुलंब्रीच्या रस्त्याला घातली. गावाकडच्या फाट्यावर वळलो. आवाज एवढा की बोलायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर बोलायची मला हौसही नव्हती. हे गाणं म्हणत होते, बेसूर, माझ्या कानाशी ओरडून.

पुढं एक म्हातारी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. तिनं मागं वळून पाहिलंही नाही. आवाज जवळ आला तशी ती रस्ता सोडून काट्याकुट्यात उतरली, बाभळीला टेकली आणि तोंड पलीकडे करून उभी राहिली. रस्ता चांगला रुंद होता. दोन ट्रक गेले असते.

ह्यांनी गाडी थांबवली, बंद केली. उतरून तिच्याजवळ गेले. "मावशी, तुम्ही कशाला खाली उतरलात? रस्ता मोकळा आहे की."

बाई म्हणाली, "आवाज आला ना, साहेब."

ती पुढं काही म्हणाली, ते ह्यांना ऐकू आलं नाही, मला आलं. "मोठ्या गाडीला वाट द्यावी लागती" असं काहीतरी. ह्यांनी तिचा भारा नीट करून दिला, तिच्या लुगड्यात अडकलेला काटा तिनंच काढला, आणि ती निघून गेली. हे बराच वेळ बांधाकडेला उभे राहिले. मला वाटलं आता पुढं गावात जाऊ. त्यांनी गाडी वळवली. चिकलठाण्यापर्यंत अगदी हळू आणली, पायाखाली अंडं असल्यासारखी, आणि गॅरेजला उतरून मिस्त्रीला एवढंच म्हणाले, "काढून टाक. पहिला डबा लाव."

"पर साहेब, आपको तो ये…"

"मला नाय पायजे हा आवाज."

मिस्त्रीनं कामाला हात घातला. मी माझ्या खुर्चीवर. मला त्या दिवशी ह्यांचा फार अभिमान वाटला आणि त्याच वेळी फार कंटाळाही आला होता, दोन्ही एकदम. भूकही लागली होती.

डबा पुन्हा बसला. या वेळी बोळ्याची परीक्षा मिस्त्रीनंच आधी उरकून घेतली. समोरच्या फळीवरचे मीटर तेव्हा दुरुस्तीला काढलेले होते, तिथं नुसती भोकं होती. शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू होता, त्यानं जमीनच हलत होती. हे नळावर हात धुवायला गेले तेवढ्यात मिस्त्रीनं वाकून गाडी सुरू केली, ऐकली, मला अंगठा दाखवला आणि बाजूला झाला. इतकी शांत चालत होती की त्या डब्यावर कुणीही खूश व्हावं. हे आले आणि आत बसले. दार लावलं. थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग त्यांनी हात पुढं केला आणि स्टार्टरची दांडी ओढली.

चालू इंजिनात स्टार्टर गेला की जो आवाज होतो तो मला लिहून दाखवता येणार नाही. दातांवर दात घासावेत तसा. मिस्त्री जमिनीकडे बघू लागला. ह्यांच्या हाताला तो धक्का कळला असणार, कारण त्यांनी दांडी झटकन सोडली.

इंजिन आपलं चाललंच होतं.

मग हे माझ्याकडे वळले. "चालू होती का?"

"होती," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं आता उतरतील, गाडी इथंच टाकतील, आणि घरी जाऊन महिनाभर कुणाशी बोलणार नाहीत. त्याची तयारी मी मनात करूनही टाकली. तेवढ्यात ते म्हणाले, "म्हणजे डबा चोख झालाय."

मी हसले, की रडले, मला आता आठवत नाही. मिस्त्री मात्र मोठ्यानं हसला आणि मग हेही.

यंत्र अजून खणातच आहे. एवढ्यानं माणूस बदलत नाही. पण रविवारी गाडी बाहेर निघते आणि मला गुडघे दुमडून त्या बुटक्या सीटवर बसावंच लागतं, कितीही थकले असले तरी. मीटर कधीच दुरुस्त होऊन आलेत, इंजिन सुरू झालं की काटा नीट वर येतो. हे काट्याकडे बघत नाहीत. दांडी ओढतात, सोडतात आणि माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. मग आम्ही निघतो.